ॲक्सिलरेटरवरचा पाय

आमच्या कॅम्पर व्हॅनमध्ये दोन बॅटऱ्या आहेत. एक इंजिन सुरू करते. दुसरी मागच्या खोलीची; तिच्यावर दिवा, पंखा आणि त्या दिवशी अंड्यांची उबवणी पेटी चालत होती. हे आधीच सांगते, कारण लोक मला थेट भुताचंच विचारतात, आणि बॅटरीचं कळलं नाही तर पुढचं काहीच कळत नाही.

काम साधं होतं. धरणाचं पाणी चढणार होतं आणि तळ्यावरचं रानबदकांचं शेवटचं घरटं त्याखाली जाणार होतं. मी दारोदार सांगून थकले, कुणी जागचं हललं नाही. शेवटी मीच पाच अंडी उचलली आणि घाटापलीकडच्या पक्षी केंद्राकडे निघाले. गाडी दादा चालवत होता. निघाल्यापासून त्याचं एकच पालुपद, एवढ्या आटापिट्यापेक्षा ऑम्लेट बरं पडलं असतं. पण प्रत्येक वळण मात्र तो असं घेत होता, जसं काही मागे तान्हं बाळ झोपलंय.

घाटात भर दुपारी धुकं उतरलं. आधी डोंगर गेले, मग कठडा, मग गाडीचं नाकही दिसेना. दादाने गाडी कडेला घेतली. हवेला ओल्या राखेचा वास होता. ऊन नाही म्हणून टपावरचं सोलर पॅनेल नुसतंच शोभेला, आणि मागची बॅटरी उतरत चाललेली. इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तिच्यापर्यंत फारसं काही पोचत नाही; ॲक्सिलरेटर हलका दाबून धरावा लागतो. म्हणून दादा पुढे पाय दाबून बसला आणि मी मागे पेटीशी. मध्ये पत्र्याची भिंत, त्यामुळे एकमेकांना दिसत नाही. पेटीजवळच्या मीटरवरून तेवढं कळतं, पाय जागेवर आहे की नाही.

पाय सैलावला की आकडा पडायचा. मी पत्र्यावर थाप मारायचे, आकडा चढायचा. मग एकदा इंजिनचा आवाज पार खाली गेला... आणि थापेची वाट न बघता आपणच चढला. चढला तो स्थिरावलाच. एका सुरात. पेटीतली ऊब परत आली. मला दादाचं कौतुक वाटलं, असाच राहू दे म्हणून मी ओरडून सांगितलंही.

बऱ्याच वेळाने बाजूचं दार सरकलं. दारात दादा उभा होता. केसांतून पाणी गळत होतं, गुडघे चिखलाने भरलेले.

“तू पेडल दाबून धरलंस म्हणून वाचलो,” तो म्हणाला.

रस्ता बघायला म्हणून तो चार पावलं पुढे गेला होता आणि धुक्यात दिशाच हरवून बसला होता. दरीच्या काठाशी रांगत असताना इंजिनचा आवाज चढला, त्या रोखाने तो परत आला.

मी तर पेटीपासून हललेच नव्हते. आम्ही दोघंही मागे होतो. इंजिन त्याच सुरात चालू होतं.

“मग पुढे... कोण आहे?” दादाने विचारलं.

तो इंजिन बंद करायला वळला. मी त्याची बाही धरली.

“नको. अंडी गार होतील.”

“वेड लागलंय का तुला?”

लागलं असेल. पण ज्यांनी मदत करायची ते सगळे हात झटकून मोकळे झाले होते, आणि पुढे जे कोणी होतं ते पाय दाबून बसलं होतं. मी पत्र्याला तोंड लावलं.

“अजून थोडा वेळ... दाबून ठेवाल?”

आवाज किंचित वाढला.

संध्याकाळच्या आत धुकं विरलं. कठडा दिसू लागला तसा आवाज हळूहळू उतरत नेहमीच्या संथ धडधडीवर आला. दादाने पुढचं दार उघडलं. सीट रिकामी होती.

पाचही अंड्यांतून पिल्लं निघाली. केंद्रातल्या डॉक्टरबाई म्हणतात, रानबदकाची पिल्लं आईच्याच मागे मागे जातात. मी हाका मारल्या, दादाने लाज सोडून बदकाचा आवाज काढला, ती ढिम्म. परवा त्यांना नव्या तळ्यावर सोडायला निघालो. खोकं पुढच्या सीटवर ठेवून झाकण उघडलं, तर पाचही जण उड्या टाकत खाली उतरले आणि ॲक्सिलरेटरपाशी एकमेकांना बिलगून झोपले. प्रत्येकाची मान कशावर तरी टेकलेली होती.

खाली काहीच नव्हतं.