सात नंबरचा लिंब

यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर आहे. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही मला लागलेली सवय आहे. म्हणून तारीख, वार, वेळ, सगळं देते. पडताळून पाहा.

११ मे १९७६. मंगळवार. सोलापूर, विजापूर रस्ता.

वेळ रात्रीची नव्हती. अमावस्याही नव्हती.

दुपारचे बारा वाजून बावीस मिनिटं झाली होती. डोक्यावर लख्ख ऊन होतं.

तरीही आज हे लिहिताना मी दाराकडे पाठ करून बसलेली नाही...

त्या वर्षी मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. विजापूर रस्त्यावर एका सोसायटीच्या वसाहतीचं बांधकाम निघालं होतं. जागेत जुनी अकरा झाडं होती. शहरातल्या झाडांसाठी आदल्याच वर्षी नवा कायदा आला होता. बांधकामाला परवानगी मिळाली ती अटीवर. अकराही झाडं राखायची. प्रत्येक झाडाभोवती सहा फुटांवर दगडांचं कडं करायचं. कड्याच्या आत विटा, वाळू, चुना, काही टाकायचं नाही. आणि झाडांवर लक्ष ठेवायला एक शिकलेलं माणूस नेमायचं.

ते माणूस म्हणजे मी. विजयमाला.

भवानी पेठेतून सायकलनं यायचं. झाडांचा घेर मोजायचा. बुंध्यालगतची माती काढून पत्र्याच्या डबीत भरायची. ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत वाळवून, तिच्यात पाणी किती होतं ते काढायचं. जुने सर तेवढं करू द्यायचे.

कंत्राटदार होते वीरभद्रप्पा. सगळे त्यांना अप्पा म्हणत. धिप्पाड माणूस. कमरेला चांदीचा करगोटा, आणि त्यात अडकवलेली एक किल्ली. पाण्याच्या पिंपाची. सकाळी टँकर पिंप भरून जायचा आणि अप्पा त्याला कुलूप घालायचे. मजुरांना पाणी मिळायचं ते त्यांच्या मर्जीनं.

पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "काय वो बाई, झाडाची नाडी बघायला बी डिग्री लागतीया व्हय?"

मी म्हटलं, "नाडी नाही, घेर. सात नंबरचा घेर सहा फूट दोन इंच आहे. आणि त्याची दक्षिणेची फांदी कुणीतरी मार्चमध्ये तोडली आहे. ते मी लिहिलंय."

ते हसले. पण डोळे हसले नाहीत.

सात नंबरचा तो कडुलिंब बरोबर ट्रकच्या वाटेत उभा होता. तो पडला तर फाटक सरळ रस्त्यावर निघत होतं. नाही पडला तर फाटक, वाट, सगळंच सरकवावं लागत होतं.

अप्पांनी महापालिकेच्या साहेबांकडे अर्ज आधीच दिला होता. 'झाड क्रमांक सात वाळत चालले आहे.' मेअखेर तपासणी होणार होती. त्या अर्जावर माझी सही हवी होती.

झाड हिरवंगार होतं. मी सही केली नाही.

मग सुरू झालं...

एप्रिलचा शेवटचा आठवडा. बाकीच्या दहा झाडांच्या मातीत पाणी निघालं शंभर भागांत चार भाग.

सात नंबरच्या मातीत एकोणीस.

मला वाटलं, माझंच चुकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा माती काढली. वीस.

जवळ नळ नाही. विहीर नाही. पिंपाला कुलूप. पाऊस ऑक्टोबरनंतर पडलेला नाही. मग रोज घागरभर पाणी घालतंय कोण?

मी पाळत ठेवायची ठरवली.

दुपारी मजूर भाकरी खायला पत्र्याच्या शेडमध्ये जायचे. मी वीस पावलांवर विटांच्या ढिगाआड बसले. बारा वाजले. सव्वाबारा...

आधी साळुंक्या गप्प झाल्या.

मग पानं थांबली.

मग आवाज आला... घागर कलती करून पाणी ओतल्याचा. घळ... घळ... घळ...

मी धावत गेले. कुणी नव्हतं.

माती ओली होती.

भुताचा विचार माझ्या मनात आला नाही. मला राग आला. कुणीतरी माझी चेष्टा करतंय, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी घरून शेरभर रांगोळी आणली आणि झाडाच्या कड्याबाहेर हातभर रुंदीचा पट्टा पसरला. कोणीही आत गेलं तर पाऊल उमटणारच.

मजुरांना हसायला निमित्तच मिळालं. कुंडलिक नावाचा गवंडी ओरडला, "बाईनं लिंबाला रांगोळी काढली रं! हळदीकुंकू कवा हाय म्हनावं!"

"तुझ्या बायकोला पाठव, देते," मी म्हटलं. सगळे हसले.

चन्नम्मा तेवढी हसली नाही. ती वाळू चाळायची. पन्नाशीची, अक्कलकोटकडची बाई. तिनं रांगोळीकडे पाहिलं, पदर सावरला आणि तिथून निघून गेली.

साडेबारा वाजता मी पाहिलं. पट्टा जसाच्या तसा. एक कणही हललेला नव्हता.

पण आत, बुंध्यापाशी, ओल्या मातीत...

दोन पावलं.

अनवाणी. लहान. बाईची. झाडाकडे तोंड केलेली.

आत येणारं पाऊल नाही. बाहेर जाणारंही नाही.

मी मोजमाप घेतलं. साडेआठ इंच. उजव्या पायाची करंगळी नव्हती.

संध्याकाळी मी चन्नम्माला गाठलं. "उजव्या पायाला करंगळी नसलेली बाई कोण?"

तिच्या हातातली चाळण खाली पडली.

"तुमाला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. मी मोजलं."

तिनं चाळण उचलून बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाली, "सिद्धम्मा. माझ्याच गावची. बहात्तरच्या दुष्काळात हितंच खडी फोडायचं काम हुतं बाई. पायावर दगूड पडून करंगळी गेली तिची. दर मानशी दोन तांबे पानी मिळायचं. ती एक प्यायची, एक ह्या लिंबाला घालायची. समदी हसायची. ती म्हनायची, आपून काम सोडून जाऊ, त्यो कुटं जाईल?"

"मग?"

"मग उन्हाळा लई वाढला. एक दिवस पिंपाचं कुलूप उघडलंच न्हाय. काम उरकल्याबिगर पानी न्हाय, म्हनला मुकादम. भर दुपारी पडली ती. ह्या लिंबाखालीच."

"मुकादम कोण होता?"

चन्नम्मानं अप्पांच्या शेडकडे फक्त पाहिलं.

त्यांच्या कमरेची किल्ली उतरत्या उन्हात चमकत होती...

दहा मेला सकाळी मला हिंगाचा वास आला. सात नंबरच्या बुंध्याला, जमिनीलगत, गिरमिटानं पाडलेली तीन भोकं होती. वरून शेणमाती लिंपलेली. आत खडा हिंग ठासून भरला होता.

आपल्याकडे सगळे मानतात, झाडाला हिंग भरला की झाड मरतं.

मी भोकं कोरून साफ केली आणि सगळा हिंग कागदात बांधून अप्पांच्या टेबलावर ठेवला.

"हे घ्या. आमटीत घाला. हिंगानं झाड मरत नाही अप्पा. महाग हिंग वाया गेला."

शेडमध्ये कुणीतरी खुसकन हसलं. अप्पांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"लई शानी हाईस पोरी. कशानं मरतंय ते दावतो तुला."

ती त्यांची चूक होती. आतापर्यंत मी झाडावर येता-जाता लक्ष ठेवत होते, आता दिवसभर ठेवणार होते.

दुसरा दिवस, अकरा मे.

सोलापुरात वर्षातून दोनच दिवस सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या क्षणी सरळ उभ्या काठीला सावली राहत नाही. मी आकडेमोड केली होती. अकरा मे, बारा बावीस. ते पाहायला मी लिंबाजवळ ओळंबा लावून एक काठी रोवली होती. त्यामुळे मी रोजच्यासारखी शेडमध्ये गेले नाही.

अप्पांना हे माहीत नव्हतं.

बारा वाजता कुंडलिक आणि आणखी दोघं घमेली घेऊन आले. कड्याच्या आत, तोडलेल्या फांदीच्या बाजूला, जिथं ऊन थेट पडायचं, तिथं त्यांनी कळीचा चुना ओतला. मोठमोठे कोरडे खडे. तीन पोती.

माझ्या लक्षात आलं. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो उकळतो. हात घातला तर मांस सुटतं. मुळं जागच्या जागी शिजली असती. महिनाअखेर झाड खरोखरच वाळलं असतं.

मी कड्याच्या आत गेले आणि बुंध्याला पाठ लावून उभी राहिले.

"कुंडलिक, पाणी ओतायचं तर माझ्यावर ओत."

तो थांबला. "बाई, सरका की. माझी रोजी जाईल."

"माझीही जाईल."

अप्पा आले. "भायेर हो पोरी."

"नाही."

"तुझ्या बापाला सांगू का, पोरगी मानसांत उभी ऱ्हाऊन भांडतीया म्हनून?"

"सांगा. पत्ता देते. भवानी पेठ, सुताचं दुकान. सांगताना तीन पोती चुन्याचंही सांगा."

मला भीती वाटत होती. हे कबूल करते. पण भीती वाटली म्हणजे हलायलाच हवं असं नसतं.

अप्पांनी किल्ली काढली. पिंपाचं कुलूप स्वतः उघडलं. "बादली बुडव रं कुंडलिक. ती आपसूक हलंल."

कुंडलिकनं बादली आत टाकली.

ठण्ण...

पिंप रिकामं होतं.

सकाळी सगळ्यांनी ते भरताना पाहिलं होतं. कुलूप शाबूत होतं. आत पाण्याचा थेंब नव्हता. कुंडलिकनं हात फिरवला तर बोटांना कोरडा गंज लागला.

साळुंक्या गप्प झाल्या...

पानं थांबली...

मी घड्याळात पाहिलं. बारा बावीस. काठीची सावली काठीच्या पायात नाहीशी झाली. अप्पांची सावली नव्हती. कुंडलिकची नव्हती. पिंपाचीही नव्हती.

आणि आवाज आला.

घळ... घळ... घळ...

दुरून, शेडच्या दारातून, चन्नम्मा हलकेच कानडीत म्हणाली, "नीरु बंतु..." पाणी आलं.

माझ्या पायांजवळ माती काळी होत गेली. ओल पसरत चुन्यापर्यंत आली. चुन्याखाली गेली. मी डोळे मिटले. आता वाफ येणार. आता तडतडणार...

काहीच झालं नाही.

मी खाली वाकले आणि ओल्या चुन्यावर हात ठेवला.

तो थंड होता. माठातल्या पाण्यासारखा थंड.

कुठल्याही पुस्तकात हे बसत नाही. चुना आणि पाणी एकत्र आले की उष्णता निघालीच पाहिजे. शाळेतलं पोरही सांगेल.

मी मान वर केली. अप्पा माझ्याकडे पाहत नव्हते. चुन्याच्या पांढऱ्या ढिगाकडे पाहत होते.

त्यावर एक सावली पडली होती.

लांब. संध्याकाळी पडते तशी. कमरेवर घागर घेतलेल्या बाईची.

कुणाचीच सावली नसलेल्या त्या क्षणी... ती एकटीच होती. आणि ती टाकणारं कुणीही तिथं नव्हतं.

सावली हलली. घागर कमरेवरून खाली आली. अप्पांच्या पायांपर्यंत तिचं टोक पोचलं आणि थांबलं. कुणी तांबा पुढं करावा तसं.

अप्पांचे ओठ फाटल्यासारखे कोरडे पडले होते. त्यांनी पिंपाची किल्ली जमिनीवर ठेवली. दोन्ही हातांनी. आणि ते उलट्या पावलांनी मागे गेले.

बारा चोवीसला काठीची सावली पूर्वेकडे पुन्हा फुटली. साळुंक्या बोलू लागल्या.

दुसऱ्या दिवशी अप्पा कामावर आले नाहीत. त्यांनी कंत्राट सोडलं. लोक सांगत, ते घरी घागरीशेजारी बसून असतात, सारखं पाणी पितात आणि तहान भागत नाही म्हणतात. हे मी स्वतः पाहिलेलं नाही. म्हणून त्यावर जोर देणार नाही.

नव्या मुकादमानं पिंपाला कुलूप लावलं नाही. मेअखेर साहेब आले. त्यांनी तीन पोती चुना पाहिला, माझी नोंद वाचली, झाडाला थोपटलं. फाटक नऊ फूट सरकलं. लिंब राहिला.

तीन वर्षं झाली.

त्या दिवशीची माती मी एका डबीत भरून ठेवली होती. एकशे पाच अंशांवर चोवीस तास वाळवली. वजन उतरलं नाही. पुन्हा वाळवली. पुन्हा नाही. डबी आजही माझ्या टेबलावर आहे. झाकण काढलं की माती ओली लागते. का, ते मला माहीत नाही. आणि माहीत नाही म्हणायला मला अजूनही त्रास होतो.

हे आता लिहायचं कारण वेगळं आहे.

गेल्या आठवड्यात मी विजापूर रस्त्यानं गेले होते. सात नंबरवर कुणीतरी लाल रंगाची फुली मारली आहे. वसाहतीला म्हणे मोठं फाटक हवं आहे. कुऱ्हाडवाले मेच्या दुसऱ्या आठवड्यात येणार आहेत.

मी हरकतीचा अर्ज दिला आहे. घेर सहा फूट सात इंच, झाड निरोगी, असं लिहून खाली सही केली आहे. अर्जाचं काहीही होवो, अकरा तारखेला बाराच्या आत मी त्या बुंध्याला पाठ लावून उभी असेन. कुऱ्हाड चालवायची तर आधी मला हलवावं लागेल.

कुऱ्हाडवाल्यांची मला भीती नाही.

काल रात्री डबीचं वजन केलं. दोन ग्रॅम वाढलं आहे.

आणि आज दुपारी, बाराच्या सुमारास, माझ्या टेबलाखालच्या कोरड्या फरशीवर...

दोन ओली पावलं होती. लहान. उजव्या पायाला करंगळी नव्हती.

या वेळी त्यांचं तोंड दाराकडे होतं. विजापूर रस्त्याच्या दिशेनं.