सैल सोडा

माझ्या नेहमीच्या फिजिओथेरपिस्ट बाई रजेवर गेल्या नसत्या, तर माझा पाय त्यांच्या जागी आलेल्या त्याच्या हातात पडलाच नसता!

"कुठून पडलात?" त्याने विचारलं.

"परांचीवरून. बाबा आणि मी टाइल्स बसवतो."

"म्हणजे मिस्त्रीबाई!" तो हसला. "मग जरा सैल सोडा की. मांडीचं काँक्रीट झालंय."

हसताना मेल्याच्या गालाला खळी पडायची. झालं... माझं कल्याण!

तो मांडीला रुंद पट्टा अडकवायचा आणि खुब्याचा सांधा सावकाश ओढायचा, सोडायचा. "आत दुखलं की भोवतीचे स्नायू पहाऱ्याला उभे राहतात," तो सांगायचा. "सांधा हळूच हलवला की त्यांना वाटतं, धोका टळला. मग ते सैल पडतात." आणि खरंच पडायचे. मांडीभर ऊब पसरायची, आणि पुढचा काही वेळ मी न लंगडता चालायचे.

मला फक्त पुन्हा उकिडवं बसता यायला हवं होतं. आमचं सगळं कामच उकिडवं बसून. बाबांचे गुडघे कुरकुरायला लागलेले, आणि मला दुसरं काही येतही नव्हतं.

"आज कसं आहे?"

"कालच्यापेक्षा बरं!"

मी असं म्हटलं की त्याचा चेहरा उजळायचा. तो उजळलेला बघायला मी रोज तेच म्हणायचे. कूस बदलताना जांघेत उठणारी जीवघेणी कळ मात्र गिळून टाकायचे.

"तुम्ही बऱ्या झालात तर मी काय करू?"

"माझ्या हाताखाली सिमेंट कालवा."

"पगार?"

"दिवसभर माझी बोलणी!"

एकदा तो पट्टा घेऊन जवळ आला आणि थबकला. त्याचा हात अजून लागलाही नव्हता — आणि माझी मांडी आवळली होती. त्याने पट्टा बाजूला ठेवला.

"खरं सांगा... दुखतंय ना?"

"बरं आहे हो—"

"मिस्त्रीबाई."

मग मात्र मला रडूच फुटलं. त्याने त्याच दिवशी मला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

पडल्यापासून खुब्यातल्या हाडाच्या गोळ्याला रक्तच पुरत नव्हतं. तो आतल्या आत ढासळला होता. स्नायू सैल झाले, की वेदना तेवढ्यापुरती दबायची... हाड नाही वाचायचं. "जरा आधी आला असतात तर कदाचित निभावलं असतं," डॉक्टर म्हणाले. "आता सांधा बदलायचा. उकिडवं बसणं मात्र विसरा."

तो बाहेर बाकावर बसून होता. हातातली कुबडी त्याच्या डोक्यात घालावी, इतका संताप आला मला.

"तुम्हाला कधीपासून कळत होतं?"

त्याने मान खाली घातली. "सैल केलेले स्नायू दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच आवळलेले असायचे. बोटांना कळत होतं. पण तुम्ही म्हणायचात, बरं आहे... आणि मला तेच ऐकायचं होतं."

"का?"

"पुढे पाठवलं असतं, तर तुम्ही माझ्याकडे आला नसतात."

असं कुणी प्रेम सांगतं का हो? माझा खुबा घालवून? पण त्याच्यावर तरी कुठल्या तोंडाने ओरडू? मीही त्याच्यासाठीच खोटं बोलत आले होते. मी त्याच्या शेजारी टेकले, आणि आम्ही दोघंही रडलो.

"तुझ्या बाबांना मी सांगतो," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तुझ्या' म्हणाला. एरवी मी लाजले असते.

"दोघं सांगू."

बाबा एका घराच्या नव्या स्वयंपाकघरात टाइल्सच्या फटी भरत होते. "कधीपासून येतेस कामावर?" त्यांनी मान वर न करताच विचारलं.

"बाबा, एक वाईट बातमी आहे. ती आधी सांगते," मी म्हटलं. "मग यांच्याबद्दल सांगते."

आता बाबांनी वर पाहिलं. माझा चेहरा बघून थापी खाली ठेवली. "दोन्ही बातम्या एकदमच कशा?"

"एकच आहे, काका," तो म्हणाला, आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

मी उभीच राहिले.