शापाचं अंगुस्तान

दार ढकललं आणि एक मुंडकं गडगडत माझ्या पायाशी आलं! मी अशी किंचाळले की काही विचारू नका.

"अहो, कागदाचं आहे!" टेबलाखालून आवाज आला. मागोमाग विस्कटलेले केस, नाकावर डिंक. मेकअपरूम समजून मी आमच्या नाटकाच्या प्रॉपर्टीवाल्याच्या, म्हणजे रंगमंचावरच्या वस्तू बनवणाऱ्याच्या, खोलीत शिरले होते. सगळे त्याला खुडबुड्या म्हणत. "भयनाटकाच्या लेखिका तुम्हीच ना? आणि स्वतःच घाबरता?"

"घाबरते म्हणून तर लिहिते," मी फणकारले.

नाटकासाठी मला एक शापित वस्तू हवी होती. त्याच्या सुईदोऱ्याच्या डब्यात पितळी अंगुस्तान दिसलं, शिवताना बोटात घालतात ते. शाप मी तिथल्या तिथे रचला. जो हे घालेल, त्याचा जिच्यावर जीव आहे तिचीच त्याला भीती वाटू लागेल, आणि तो तिला सोडून निघून जाईल.

"मग मला काय धोका?" तो हसला.

"का... कुणीच नाही?"

तो सुई ओवत बसला. मेली, ओवली जाईना!

त्याची एक खोड होती. वस्तू जुनी दिसावी म्हणून तो ती स्वतः वापरायचा. दुसऱ्या दिवशीपासून अंगुस्तान त्याच्या बोटात. आणि मला बघताच त्याच्या हातून कात्री पडली. मग तो मला टाळू लागला. मी आत आले की हा मागच्या दाराने पसार. शेवटी कळलं, तो दुसऱ्या मंडळाबरोबर दौऱ्यावर निघालाय.

वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, असं आई म्हणायची. मी तर लिहूनच ठेवलं होतं!

धावतच गेले. तो पेटी भरत होता.

"काढा ते!"

"निघत नाही," तो पेटीआड सरकत म्हणाला. "जवळ येऊ नका... प्लीज. तुम्ही दिसलात की छातीत धडधडतं. पळून जावंसं वाटतं."

"माझी भीती वाटते?"

"फार."

म्हणजे... मला रडू आलं आणि हसूही. पण हा तर खरंच निघाला होता! मी त्याचा हात धरला. बर्फासारखा गार. साबण लावून, पिळून, ओढून ते काढलं आणि काही कळायच्या आत माझ्या बोटात चढवलं.

"अहो, वेड्या आहात का?"

मी वर बघितलं. त्याचे डोळे, नाकावरचा तो डिंक... मीही दोन पावलं मागे सरकले.

"काय होतंय?" त्याने घाबरून विचारलं.

"भीती वाटतेय."

"कुणाची?"

"तुझी... तुझीच रे, मूर्खा!"

मग पेटी पायाने बाजूला सारून तो अगदी जवळ आला आणि त्याने माझा हात धरला.

"माझ्या बोटातून निघालं," तो कुजबुजला, "तरी माझी भीती काही गेली नाही."

हात मात्र त्याने सोडला नाही.