खोल पाण्यातले प्रवाळ

बुनाकेन बेटाच्या किनाऱ्याला, कमरेएवढ्या पाण्यात ग्रेटेल वोवोरला स्वतःचेच प्रवाळ दिसले आणि तिचं डोकं सणकलं. खोल कड्यावर, अंधुक उजेडात वाढावेत म्हणून तिने ते जाळीला बांधले होते. इथे उन्हात ते पांढरेफटक पडले होते!

शेजारी होडी धुणारा तरुण हसला. “छान दिसतायत ना? मीच वर आणले. खाली बिचारे अंधारात कुढत होते.”

“तुम्ही? कुणी सांगितले होते नसते उपद्व्याप?”

“अहो, ऊन कुणाला नको असतं?”

“यांना! यांच्या अंगात शेवाळ राहतं, तेच यांना जेवू घालतं. उथळ पाण्यातलं शेवाळ ऊन सोसतं, खोल पाण्यातलं नाही. ते होरपळलं, यांनी त्याला बाहेर काढलं... आता उपाशी मरतील. माझं वर्षभराचं काम मातीत गेलं!”

त्याचं हसू मावळलं. “चुकलो... मी योपी.”

“नाव विचारलं नव्हतं!”

त्यानंतर तो रोज तळलेली केळी अन् झणझणीत मिरचीची चटणी घेऊन यायचा. ती केळी फस्त करायची, वर त्यालाच झापायची. तो नुसता तिच्याकडे बघत राहायचा — याचा तर तिला जास्तच राग यायचा.

“मी नेतो खाली. प्रवाळाचे नवे तुकडे आणू,” तो एकदा म्हणाला.

“तुमचे उपकार नकोत!”

आणि दुसऱ्या दिवशी ती एकटीच उतरली. कड्यापाशी प्रवाहाने तिला असं खेचलं, की वर कुठे अन् खाली कुठे, कळेना. तेवढ्यात कुणीतरी तिचा दंड घट्ट धरला. योपी! तो तिच्या मागोमाग उतरला होता. पाण्यात ओरडता येत नाही. सावकाश, दम खात त्याने तिला वर आणलं, होडीत घेतलं, आणि मग त्याचा बांध फुटला.

“अक्कल गहाण टाकलीस? एकटी? या ओढीत?”

“तू कोण मला ओरडणारा?” तीही कडाडली.

“कुणी नाही! पण तू वर आली नसतीस ना, तर... तर मीही आलो नसतो.”

लाटा होडीवर आपटत राहिल्या. ग्रेटेलने त्याच्या ओल्या सदऱ्याची गळपट्टी धरली.

“पुन्हा असं अभद्र बोललास, तर याद राख!”

ती रडत होती. गळपट्टी मात्र तिने सोडली नाही... किनारा लागला तरी.