चौदा सेकंदांची शांतता

हेडसरांचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. आजार तसा जुनाच. पण तो बरा झालाय हे दाखवायला म्हणून व्हिडिओ आणावा आणि भर सभेत पडद्यावर पुन्हा तेच घडावं, याला काय म्हणायचं?

पक्षाघाताने ज्यांची वाचा गेली त्यांना ती बोलतं करायची, म्हणून सगळं रुग्णालय तिला 'बोलक्या बाई' म्हणायचं. स्वतः ती शब्द अगदी मोजून वापरायची. तिची दहा बाय बाराची खोली आता फायली ठेवायला हवी, असं कार्यालयाचं म्हणणं होतं. फायलींना जागा लागते आणि त्या कुठे अडखळत नाहीत. खोली वाचावी म्हणून तिने विश्वस्तांसाठी अकरा स्लाइड केल्या होत्या. दहा स्लाइडवर आकडे होते आणि अकरावीवर तिचे रुग्ण हेडसर, व्हिडिओत.

"फारसा फरक दिसत नाही," अध्यक्ष सहानुभूतीने म्हणाले.

"ते बोलतायत, सर. आवाज... येत नाहीये."

"तेच म्हणतोय मी."

तिने स्पीकरचं चिन्ह दाबून पाहिलं, व्हिडिओ मागे नेला, पुढे आणला. तेवढ्यात मागच्या काचेच्या केबिनमधून एक माणूस आला. चष्मा कपाळावर, गळ्यात वायरचं वेटोळं. सभागृहाची यंत्रं तो सांभाळायचा. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी असूनही सगळे त्याला 'वायरमन' म्हणायचे, आणि त्यावर हरकत घेणं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं.

"घरी चालत होता ना?" त्याने हळूच विचारलं.

"हो."

"सगळ्यांचे घरी चालतात." तो लॅपटॉपवर वाकला. "आवाज प्रोजेक्टरकडे जातोय. या प्रोजेक्टरला स्पीकरच नाही. बिचारा एकटाच ऐकत बसलाय."

तिला हसू आलं. प्रसंग हसण्याचा मुळीच नव्हता, म्हणून जास्तच आलं. त्याने आवाजाची वाट बदलून दिली, पण तोवर अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं होतं.

"पुढच्या महिन्यात शेवटची बैठक आहे, बाई. व्हिडिओ नीट चालवून आणा. नाहीतर मग फायलींचं बघावं लागेल."

"शनिवारी दुपारी हॉल रिकामा असतो," केबल काढता काढता वायरमन म्हणाला. "येऊन तपासून घ्या. लोक नेमके ऐन वेळी तपासतात."

पहिल्या शनिवारी ती पेन ड्राइव्ह घेऊन गेली. अकराव्या स्लाइडवर काळा चौकोन, आणि चौकोनात एक ओळ – फाईल सापडत नाही.

"तुम्ही व्हिडिओ स्लाइडमध्ये टाकलेलाच नाही," तो म्हणाला. "फक्त तो कुठे ठेवलाय याचा पत्ता टाकलाय. व्हिडिओ राहिला घरच्या कॉम्प्युटरवर, पत्ता आला इकडे."

"म्हणजे लग्नाला पाहुणे आलेच नाहीत, नुसतं त्यांचं पाकीट आलं."

त्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही बोलता की."

"कधीकधी."

दुसऱ्या शनिवारी व्हिडिओ आला, पण आचके देत आला. थेट पेन ड्राइव्हवरून चालवायचा नाही, आधी लॅपटॉपवर उतरवायचा, चार्जर लावून ठेवायचा, स्क्रीनवरच्या बाकीच्या खिडक्या बंद करायच्या – तो सांगत गेला आणि ती वहीत लिहीत गेली. मग व्हिडिओ शेवटपर्यंत सुरळीत चालला. शेवटी कुणीतरी हसल्याचा आवाज होता.

"हे कोण हसतंय?"

"मी."

"अच्छा." त्याने व्हिडिओ पुन्हा लावला. संपला तसा पुन्हा लावला.

"काही बिघाड आहे का?"

"बघतोय," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "अजून तरी... सापडला नाही."

घरी वहिनी इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. "पेन ड्राइव्हला इस्त्री लागत नाही, माझ्या माहितीप्रमाणे," ती म्हणाली. "मग हा निळा कुर्ता दर शनिवारी कशाला निघतो गं?"

"एसी असतो तिथे. थंडी वाजते."

"कुर्त्याने थंडी जाते होय? बरं झालं सांगितलंस."

तिसऱ्या शनिवारी तो दारातच वाट पाहत होता. "आज काही करायचंच नाही. मी सगळं नीट करून ठेवलंय. फाईल लहान केली, आवाज वाढवला. बसा तुम्ही."

पडद्यावर हेडसर आले. शेजारी त्यांची पत्नी. व्हिडिओतल्या बोलक्या बाईंनी विचारलं, "सर, या कोण?"

"माझी. माझी... बायको," हेडसर लगेच म्हणाले.

ती उठून उभी राहिली. "परत लावा."

त्याने लावला. परत तेच, लगेच उत्तर.

"मधली शांतता कुठे गेली?"

"ती ना? चौदा सेकंद काही होतच नव्हतं. पाहणाऱ्याला वाटायचं, अडकला. काढून टाकली." त्याच्या आवाजात कारागिराचा साधा अभिमान होता. "कुठे जोडलंय ते कळतसुद्धा नाही, बघा."

"त्या चौदा सेकंदांत तर सगळं झालं." ती आवाज न चढवता म्हणाली, त्यामुळे ते जास्त लागलं. "पहिल्या महिन्यात त्यांना एका शब्दाला दीड मिनिट लागायचं. घरचे घाईने शब्द पुरवायचे, म्हणून त्यांनी बोलणंच सोडलं. माझ्या खोलीत एकच नियम आहे. समोरच्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. थांबायचं. तुम्ही दाखवताय तो माणूस कधी आजारीच नव्हता."

त्याने हातातली केबल खाली ठेवली. "मूळ फाईल आहे," तो म्हणाला. "मूळ मी कधीच पुसत नाही. आज परत टाकतो." मग जरा थांबून, "एक विचारू? त्या चौदा सेकंदांत तुम्ही काय करता?"

"मोजते. आणि चेहरा सरळ ठेवते. चेहऱ्यावर घाई दिसली तरी माणूस गप्प होतो."

ती तशीच निघाली. तो आठवडा तिला लांब गेला. तोडून बोललो का आपण? त्याने तर मदतच केली होती... पण शब्द पुरवणारे घरचेसुद्धा मदतच करत होते. दुसऱ्यासाठी थांबणं तिला येत होतं, तोच तिचा पेशा होता. तिच्यासाठी कुणी थांबलंय का, हे तिने कधी मोजलं नव्हतं.

बैठकीच्या दिवशी ती मंचावर गेली तेव्हा लॅपटॉपला चार्जर लावलेला होता आणि केबिनच्या काचेमागे चष्मा कपाळावर होता. दहा स्लाइड गेल्या. अकरावी आली.

"सर, या कोण?"

हेडसर पत्नीकडे पाहू लागले. ओठ किंचित हलले, मिटले. सभागृहात शांतता पसरली. चार सेकंद. पाच. कुणाची तरी खुर्ची करकरली.

"अडकलं वाटतं पुन्हा," अध्यक्ष मोठ्याने म्हणाले. "अहो वायरमन, बघा जरा."

माइक खरखरला. "अडकलेलं नाही, सर," मागून आवाज आला. "थांबा जरा."

मग कुणीच काही बोललं नाही. दहा. अकरा. विश्वस्तांपैकी एक बाई पुढे सरकून बसल्या. पडद्यावर हेडसरांच्या कपाळावरची शीर उठली होती.

"माझी," ते म्हणाले. "माझी... बायको."

पडद्यावर हेडसरांच्या पत्नीने डोळे पुसायला चष्मा काढला. अध्यक्षांनीही काढला, आणि काच पुसायचं निमित्त केलं.

"राहू द्या ती खोली," ते म्हणाले. "फायलींचं काय, फायली कुठेही मावतील."

हॉल रिकामा झाला. तो कोपरावर केबल गुंडाळत मंचापाशी आला. तिने पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकली, पुन्हा काढली, पुन्हा टाकली. व्हिडिओ चालला होता, आणि आता तीच अडचण होती. पुढच्या शनिवारी इथे यायला काही कारण उरलं नव्हतं.

"मला..." तो म्हणाला, आणि थांबला.

चार-पाच शब्द तिला सहज पुरवता आले असते. त्यांतले दोन तर अगदी ओठांवर होते. ती मोजू लागली. चेहरा सरळ ठेवायला आज बराच त्रास होत होता.

किल्ल्यांचा जुडगा वाजवत सफाईच्या मावशी दारात आल्या. "काय रे, पुन्हा बिघडलं का? मला कुलूप लावायचंय."

"काही बिघडलं नाही, मावशी," त्याच्यावरची नजर न हलवता ती म्हणाली. "थांबा जरा."

मावशींनी दोघांकडे पाहिलं, किल्ल्या मुठीत दाबून गप्प केल्या आणि शेवटच्या रांगेत बसून घेतलं.

अकरा. बारा.

"शनिवारी या," तो म्हणाला. "पेन ड्राइव्ह... आणू नका."

उत्तर तिच्याकडे तयार होतं, बरेच दिवस तयार होतं. तरी लगेच दिलं नाही. उरलेले दोन सेकंद तिने स्वतःसाठी ठेवले, आणि तो थांबला.