परदेशी टेबल

"टेबलाचे मूळचे पाय कुठे गेले, दादा? तेवढंच सांग."

धाकट्याने हे आईसमोर, एका परक्या बाईसमोर विचारलं आणि थोरल्याच्या काळजात जणू सुताराची पटाशीच शिरली... उत्तर ओठांवर होतं, आणि तेच उच्चारायची त्याला जन्मभर बंदी होती.

दिवाणखाना अडवून बसलेलं, काठीने चेंडू ढकलायच्या खेळाचं ते जुनं पूल टेबल विकायचं ठरलं होतं. आईचे गुडघे गेले होते, जिना तिला चढवत नव्हता, आणि खाली तिचा पलंग टाकायला टेबलाने जागाच ठेवली नव्हती. बाबा होते तेव्हा गावातले हौशी लोक पैसे मोजून त्यावर खेळायला येत, त्यावरच घर चाले. हे परदेशातल्या राजवाड्यातून आलंय, असं बाबा येईल त्याला सांगत. पण आता किंमत करायची वेळ आली तर कारखान्याच्या नावाची पट्टी कुठे सापडेना. पहिल्या पारख्याने ते दीडशे वर्षांचं ठरवलं. दुसऱ्याने पायांवर टिचक्या मारल्या, नाक मुरडलं आणि चहा पिऊन निघून गेला. धाकटा कातावला होता. थोरला त्याहून जास्त, फक्त त्याला ते गिळावं लागत होतं.

आज आलेल्या पारखी बाईंनी कोपऱ्यातलं हिरवं कापड उसवलं, टेबलाखाली शिरून विजेरी मारली, आणि हात झटकत स्पष्ट सांगितलं : कापडाखालच्या दगडी पाट्या जुन्या आहेत, बाहेरच्याच आहेत, पण लाकूड सगळं इथलं, फार तर चाळीस वर्षांचं. सांगाडा, कडा, सहाही पाय कुणीतरी मागाहून हाताने केलेत. तेव्हा किंमत यायची ती पाट्यांपुरती.

आणि घरात लाकडाचं काम करणारा तर एकच होता! दादाने मूळचे पाय विकले आणि हे ठोकून बसवले, याखेरीज धाकट्याला दुसरं काय सुचणार?

थोरल्याला तो दिवस आठवला. आईचे दागिने मोडून बाबांनी न बघताच हे टेबल घेतलं होतं, आणि खोकी उघडली तर पाट्या धड, लाकडाचा मात्र वाळवीने केलेला चुरा. बाबा त्या चुऱ्यासमोर लहान मुलासारखे रडले. तुझ्या आईला कळता कामा नये, म्हणत त्यांनी त्याचे हात धरले... धाकटा तेव्हा रांगत होता. थोरल्याचं कॉलेज सुटलं ते तेव्हाच. एका सुताराच्या हाताखाली राहून, एका चित्रावरून त्याने एकेक पाय कोरला. पण खरा घाव पुढे बसला. टेबल उभं राहिलं आणि बाबांचा आपल्याच थापेवर विश्वास बसू लागला! गिऱ्हाइकांसमोर त्याच पायांवरून हात फिरवत ते म्हणत, असं काम आपल्याकडच्यांच्या हातून व्हायचं नाही. थोरला तिथेच काठ्या पुसत उभा असे. बाबा गेले ते कौतुकाचा एक शब्दही न बोलता.

पाय विकलेले नाहीत, एवढंच तो आता म्हणाला. मग गेले कुठे? धाकट्याचा आवाज चढला. बाबांचा जीव होता या टेबलावर, आणि तू त्यांच्याच घरात... धाकट्याने पुढचा शब्द गिळला, पण तो सगळ्यांना ऐकू आला.

"चोर म्हणू नकोस त्याला," आई खुर्चीतून म्हणाली. "त्यानेच केलंय ते. अख्खं."

थोरल्याने चमकून पाहिलं. आई सांगत राहिली. तिला तेव्हाच कळलं होतं. पोरगा मित्राकडे अभ्यासाला जातो म्हणून सांगे, आणि परते तो तळहाताला फोड अन् केसांत भुसा घेऊन. दागिने गेल्याचं तिला काही नव्हतं. पण नवऱ्याची मान आपल्यासमोर खाली जाऊ नये म्हणून तिने वेड पांघरलं, आणि पुढे ते अंगवळणी पडलं.

थोरल्याला हलकं वाटायला हवं होतं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. जिच्यासाठी तोंड शिवून घेतलं, तिला सगळं ठाऊक होतं... मग हे मौन पाळलं तरी कुणासाठी?

"बाबा लोकांना तसं सांगायचे तेव्हा तू दारातच उभी असायचीस, आई. आत स्वयंपाकघरात का होईना, 'छान केलंस रे', एवढं तरी म्हणायचं होतंस."

आईने खुर्चीतूनच त्याच्याकडे हात पुढे केला. "तुझ्या बापाला सांभाळता सांभाळता तुला सांभाळायचं राहून गेलं. चुकलं माझं, बाळा."

त्या पिकल्या केसांच्या माणसाने तोंड फिरवून भिंतीवर कपाळ टेकलं...

धाकटा जवळ आला. "दादा, मी..." म्हणून अडखळला. एरवी थोरल्याने जाऊ दे म्हणून त्याला सोडवलं असतं. आज नाही.

"बोल. पुरतं बोल."

"मी तुला चोर समजलो. माफ कर मला."

थोरल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रागाने जड झालेला तो हात हळूहळू सैल पडला. गिऱ्हाइकाला कुणाचं काम म्हणून सांगू, असं बाईंनी विचारलं, तेव्हा धाकटाच म्हणाला, माझ्या दादाचं. आणि विकायच्या त्या फक्त पाट्या, लाकूड घरातच राहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला हत्यारं घेऊन टेबल सुटं करायला बसला. जोड कुठून सुटतात ते धाकट्याला दाखवत त्याने पहिली पाचर सैल केली. आई खुर्ची ओढून अगदी जवळ येऊन बसली, आणि हे कसं बसवलं होतंस, ते कसं वळवलंस, असं विचारत राहिली. तो एकेक सांगत गेला. काम तासाभराचं होतं. त्याने ते दुपारपर्यंत पुरवलं.