जागल

दंडाच्या कातडीखाली तांदळाएवढा राखणदाणा बसवून घ्यायला आता नागपुरात कोणी लाजत नव्हतं. व्यवस्था सोपी होती. अफूच्या जातीची नशा जास्त झाली की श्वास मंदावतो आणि माणूस गुंगीतच जातो. रक्तातला प्राणवायू घटल्याबरोबर हा दाणा उतारा सोडतो, आणि मरणाच्या दारातला माणूस शिव्या देत उठून बसतो. चारशे जणांवर दीड वर्ष प्रयोग झाला. श्वास थांबून एकही गेला नाही.

वासुदेव निखाडे या प्रयोगातला सहसंशोधक. नशा करणाऱ्यांवरच्या संशोधनाला त्यांच्यातल्याच एकाची सही लागेल, असा नियम होता, आणि वासुदेव वीस वर्षं सुई टोचून घेत आला होता. त्या सहीसाठीच प्रयोगाच्या प्रमुख डॉक्टर रेणुका पाळधीकर त्याच्याकडे आल्या होत्या. ती झाली की दाणा राज्यभर जाणार होता.

"मॅडम, माह्या प्रश्नाचं काय झालं?"

प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न त्यानं हट्टानं घालायला लावला होता : मागच्या वेळी तुमच्याजवळ कोण जागं होतं? जुन्या मंडळींचा रिवाज होता तो. एकानं टोचायचं, दुसऱ्यानं शुद्धीत राहून त्याच्या छातीकडे बघत बसायचं. शेतावरच्या राखणीसारखं, म्हणून त्याला जागल म्हणत.

"आधी बहुतेकांनी कुणाचं तरी नाव सांगितलं होतं. आता नऊ जणांनी," डॉक्टर म्हणाल्या. "गरजच उरली नाही ना. हे यशच आहे."

"अन् आपला पुंडलिक?"

त्यांनी कागद चाळले. "जखम चिघळून ताप. मृत्यूचं कारण : अन्य."

"चार दिवस खोलीत पडून होता मॅडम थो. जागलीत नुसता श्वास नाही पाहत आमी. जखम दिसते, ताप समजते, जेवला का म्हून इचारतो."

डॉक्टरांनी कागद मिटले. "मग सही नका करू. पण दाण्याशिवाय वर्ध्यात या महिन्यात किती जातील, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

माहीत होतं. नावानिशी माहीत होतं. इकडे आड, तिकडे विहीर. वासुदेवनं सही केली.

"तुम्ही स्वतः भरलेल्या प्रश्नावलीत शेवटचं उत्तर कोरं राहिलंय," त्या म्हणाल्या.

नऊ वर्षं पुंडलिक त्याची जागल करायचा आणि तो पुंडलिकची. त्या चार दिवसांत वासुदेव दोन गल्ल्या पलीकडे आपल्या खोलीत होता, एकटा आणि दंडातल्या दाण्यामुळे अगदी सुरक्षित. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यानं पेन पुन्हा उचललं आणि रिकाम्या जागी लिहिलं : दाणा.